मासळीच्या बर्फातलं रक्त

मुंबई,
८ डिसेंबर १९८६

ती. दादास,
धाकट्या गौरवीचा सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. तुषारचं रक्त तू मासळीच्या बर्फात घालून पाठवलंस! बर्फ नको, असं मी चिठ्ठीत दोनदा लिहिलं होतं. मला जिवंत पांढऱ्या पेशी हव्या होत्या, त्या वाटेतच गारठून मेल्या. प्रयोगशाळाभर बांगड्याचा वास सुटला आणि सरांपुढे मला मान वर करता येईना.

पुन्हा सांगते. पांढऱ्या पेशींच्या अंगावर काही खुणा उमटल्या तरच शरीर जंतूंशी लढायला उठतं. त्या खुणांची जनुकं सगळ्यांत असतात, पण ती सुरू व्हावी लागतात. ती सुरू कशी होतात, हेच माझं गेल्या चार वर्षांचं काम. तुझे दोन मुलगे वर्षाचे व्हायच्या आतच गेले, आता आठ महिन्यांच्या तुषारलाही तसाच ताप, तसेच जुलाब. त्याच्या पेशींवर खुणा उमटतात का, एवढंच पाहायचं आहे. आई वहिनीच्या पायगुणाला दोष देते हे ऐकून माझं डोकं उठतं.

रागावले तरी माया कमी समजू नकोस.
तुझी गौरवी

पार्से, पेडणे,
२९ डिसेंबर १९८६

चि. गौरवीस अ. आ.

बोलणी खाल्ली. पण बाई, मी डिचोलीच्या खाणीवर खनिजाचे ट्रक मोजणारा माणूस. आमच्याकडे जपून न्यायची वस्तू बर्फातच नेतात.

दुसऱ्यांदा रक्त घेऊन धारगळला हमरस्त्यावर उभा राहिलो, तर भाषेच्या आंदोलनात झाडं आडवी टाकलेली. बस नाही. तीही नळी फुकट गेली. पोराला टोचायचं तरी किती? बाहेर कोकणी की मराठी म्हणून माणसं घसा फोडताहेत, आणि आमच्या घरात सासू-सून तीन महिने कुठल्याच भाषेत बोलत नाहीत. आईने रूपालीची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. स्वतःच्या सख्ख्या भावाची मुलगी, स्वतः हौसेने मागून आणलेली, तिलाच आता माहेरी घालव म्हणते. मी काही बोललो की जेवत नाही.

आज तिसऱ्यांदा रक्त पाठवतो आहे, तुषारचं आणि आम्हा दोघांचं. पाववाला पोदेर पाव गुंडाळतो तसलं जाड गोणपाट मागून आणलं, त्यात नळ्या ठेवल्या. बर्फाचा खडासुद्धा नाही. आता तरी काहीतरी सांग.

आशीर्वाद आहेतच, तुझा धीर मात्र इकडे पाठव.
अनंत

मुंबई,
२ फेब्रुवारी १९८७

ती. दादास सा. न. वि. वि.

पेशी जिवंत आल्या. त्या गोणपाटाला माझा नमस्कार सांग.

पेशींना चेतवणारं द्रव्य घालून तीन दिवस वाट पाहिली. तुझ्या आणि वहिनीच्या पेशींवर खुणा उमटल्या, तुषारच्या कोऱ्याच राहिल्या. मग त्याची जनुकं तपासली. ती शाबूत आहेत रे! सुपारीच्या कुळागरातला पंप नवा, वीजही आहे, पण चालू करणारा माणूसच नाही, असं झालं आहे. तो चालू करणारा नेमका कोण, ते आम्हाला अजून सापडत नाही. सर म्हणतात, उत्तम नमुना. माझ्या भाच्याला नमुना म्हणाले, तेव्हा मी उठून बाहेर गेले.

हा दोष दोन्हीकडून अर्धा-अर्धा आला तरच मूल आजारी पडतं. वहिनीकडे तो तिच्या वडिलांकडून, म्हणजे आपल्या मामाकडून आला, तुझ्याकडे आईकडून. त्या भावंडांना तो त्यांच्या आई किंवा वडिलांकडून मिळाला असणार. मग एकट्या वहिनीचा दोष कसा?

तुषारला वाचवायचा उपाय एकच, त्याच्या बहिणीच्या, अंकिताच्या हाडातला मगज त्याला देणं. तो जुळतो का, हे इथे आल्यावर कळेल. जुळला तरी खात्री देत नाही, पण थांबलो तर काय होईल ते तू दोनदा पाहिलं आहेस. नातीला हात लावू देणार नाही म्हणून आई अडून बसेल. हे पत्र तिला वाचून दाखव. लपवू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
गौरवी

पार्से,
१४ फेब्रुवारी १९८७

चि. गौरवीस अ. आ.

मी पत्र लपवलंच. आईला ते ऐकवायची छाती झाली नाही. पण गादी उन्हात टाकताना तिला ते सापडलं. तिला वाचता येत नाही. तिने ते रूपालीच्याच हाती दिलं आणि वाच म्हणाली. साडेचार महिन्यांत तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

आईच्या नावापाशी रूपाली अडखळली, तेवढं गाळून पुढे जाऊ लागली. आईने ते ओळखलं, गाळू नको म्हणाली. ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं की म्हणजे ते माझ्याच घरातून दोन्हीकडे आलं का. ज्या पोरीला तिने इतकं छळलं, तीच समजूत घालू लागली, की आत्ये, मोठे डॉक्टरही चुकतात. मी दारात उभा राहून सगळं ऐकत होतो.

 मग आईने उठून दाराशी ठेवलेली पिशवी आणली, रूपालीची लुगडी काढून खुंटीवर टाकली आणि त्याच पिशवीत स्वतःची दोन भरली.

तुषारचा ताप उतरलेला नाही. गुरुवारच्या बसने आम्ही पाचही जण निघतो. अंकिताला घेऊन यायला आईनेच सांगितलं. आधी आपलं रक्त घ्या म्हणते. त्याची गरज नाही, हे सांगून मी दमलो. घेऊन टाक थोडं.

आणि ते बर्फात ठेवायचं नाही, हे तिने मुद्दाम लिहायला लावलं आहे.

तुझाच,
दादा