सातव्यात गवत दाट

थांगचुंग, मेलोंग तळ्याकाठी
तिसरा महिना, अष्टमी

चि. पाल्झोम हिस आचोचे अ. उ. आशीर्वाद.

ढ्ढम्म! आणि मग जाड कापड टराटरा फाटत लांबवर जावं तसा आवाज. आठवतो? आईच्या मेंढीच्या कातड्याखाली आपण दोघं गुरफटलेले असायचो आणि तू माझ्या कानाला लागून विचारायचीस, की तळ्याखाली एवढं दार कोण आपटतंय. मी मोठ्या भावाच्या तोऱ्यात सांगायचो, की तळ्याची म्हातारी हिवाळ्याला घराबाहेर काढतेय. काल पहाटे तळ्यावरचा बर्फ तडकला, म्हातारीने पुन्हा दार आपटलं. अंथरुणात उठून बसलो आणि नकळत शेजारची जागा चाचपली. केस पांढरे झाले, पण हात अजून तुलाच शोधतो बघ.

तुझं पत्र बसवाल्याने काल आणून दिलं. डॉक्टरांनी या वर्षी एकदा, चार दिवसांपुरतं वर यायला परवानगी दिली हे वाचून चुलीवरचा चहा उतू गेला तरी मला भान नव्हतं. कधी येऊ म्हणून विचारतेस? नुमो, माझ्या धाकट्या बहिणी, शाळेत मी मुलांना शिकवायचो ते तुलाही पाठ आहे:

तिसऱ्यात वारा वेडा, चौथ्यात क्रौंच-जोडा,
सातव्यात गवत दाट, श्वासालाही मिळे वाट,
बाराव्यात काय आहे? तळं एकटं गात राहे.

तेव्हा आत्ता मुळीच नको. वारा डोळ्यांत खडे मारतो. चौथ्यात क्रौंच येतात, पण रान अजून मेंढीच्या जुन्या पाठीसारखं पिवळट असतं. फुलं पाचव्या-सहाव्यात. पण तुझी छाती लक्षात घेता सातवाच खरा. गवत घोट्याच्या वर आलेलं, हवा जरा भरलेली, तळं निळं की आभाळ निळं असा प्रश्न पडावा असं. तू सातव्यात ये.

तुझा याक, दुंगकर, मजेत आहे. वर कड्यापाशी एकटाच चरतो. शंखासारखा पांढरा दिसतो, नाव सार्थ करतो. तुला इस्पितळात नेलं त्या दिवशी खाटकाच्या गाडीतून उतरवलेलं ते वासरू आता दारात मावत नाही. तळ्याकाठी त्याच्या कानात रंगीत धागे ओवून मीच म्हटलं होतं, की याच्या पाठीवर ना ओझं, ना खोगीर, अंगाला ना कात्री, ना सुरी. याचं आयुष्य पाल्झोमला लागो. धागे फिके झालेत. नवे तूच आण.

रिगझिनला आशीर्वाद. आईला नीट सांभाळून आण म्हणावं. माया आहेच, तू आलीस की दुप्पट होईल.

तुझा,
आचो लोद्रो

*

चेंगदू
चौथा महिना, पौर्णिमा

ती. आचोस पाल्झोमचा सा. न. वि. वि.

फोन करावा तर तू नुसतं हं-हं म्हणतोस आणि गुरुजीसारखा घसा खाकरतोस, म्हणून पत्रच बरं. पत्रात निदान तू बोलतोस. जरा जास्तच बोलतोस, पण ते चालतं.

सातवा ठरला. रिगझिनने रजा टाकली आहे. मी धागे घेतले: लाल, पिवळा, निळा. दुकानदारीण म्हणाली नातीच्या वेणीसाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्या श्वासासाठी. ती बिचारी घाबरून दोन पावलं मागे सरकली.

इथली हवा एवढी दाट आहे की चमच्याने खावी. तरी जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबते आणि मनात म्हणते, दुंगकर आत्ता कड्यापाशी चरत असेल, त्याच्या पाठीवर काही नसेल. मग उरलेला जिना चढते. हसू नकोस. डॉक्टरांच्या गोळीइतकाच मला त्याचा आधार आहे.

आमच्या अंगणात सोंगट्या खेळायला बसणाऱ्या तान काकूंना फिरण्याचं भारी वेड. त्यांनी विचारलं, तुमच्याकडचे डोंगर-तळी बघायला कधी जावं? मी तुझी कविता त्यांच्या भाषेत सांगितली. पार वाट लागली तिची, तरी त्यांनी सातवा महिना बोटावर मोजून ठेवला. माझा आचो हेडमास्तर होता, हेही मी सांगून टाकलं. तू साधा मास्तर होतास हे त्यांना कोण सांगणार आहे!

द्रोमाची मुळं वाळवून ठेव, लोण्यात परतून खाईन. दात नसले तरी खाईन.

तुझ्या मायेची सवय झालेली,
पाल्झोम

*

थांगचुंग
सहावा महिना, पंचमी

चि. पाल्झोमला अ. उ. आ.

तुझी तयारी वाचून आनंद झाला. पण नुमो, मनात येतं, सातव्यात नको. यंदा पाऊस लांबला आहे. तळ्यापर्यंत डांबरी सडक झाल्यापासून गाड्यांची रांग लागते, लोक पाण्यात पाय बुडवून ओरडतात. त्या कलकलाटात तुला काय दिसणार? आठव्यात आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं असतं. दूरचं शिखर हात लावावं इतकं जवळ येतं. आठव्याचा विचार कर.

लोक अगदीच वाईट नाहीत म्हणा. गेल्या महिन्यात खालच्या मुलखातली एक बाई भेटली. मी सहज आपली महिन्यांची कविता म्हटली. तिला शब्द कळला नाही, पण डोळे पुसले तिने. पुन्हा म्हणा म्हणाली. शाळा तालुक्याला गेल्यापासून कोणी मला पुन्हा म्हणा म्हटलेलं नाही. वाऱ्यालाही माझी कविता पाठ झाली आहे, तो मध्येच उठून जातो.

ढगांचं सांगू? काल एक ढग तळ्यावर असा उतरला, जणू मेंढी पाणी प्यायला वाकली...

दुंगकर बरा आहे.

प्रकृतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

आचो

*

चेंगदू
सातवा महिना, प्रतिपदा

ती. आचोस सा. न. वि. वि.

तिकिटं परत केली. रिगझिन जरा फुरंगटला. तान काकू मात्र ठरल्याप्रमाणे निघाल्या. माझ्याऐवजी त्याच जातायत म्हण.

आचो, त्या एका ढगासाठी तुझ्याकडे एवढे शब्द आणि दुंगकरसाठी तीन? लहानपणी दुधाचं भांडं तू सांडलंस की तू असाच आभाळाबद्दल बोलायचास. मी आठव्यात येते. पण काय सांडलंय ते आधी कळव.

पाल्झोम

*

थांगचुंग
आठवा महिना, दशमी

चि. पाल्झोमला आशीर्वाद.

काही सांडलेलं नाही. तू उगाच काळजी करतेस. यंदा थंडी लवकर उतरली. पहाटे बादलीत बर्फाचा पापुद्रा असतो, क्रौंचांनीही निघायची बोलणी सुरू केली आहेत. अशा हवेत तुझ्या छातीला इथे आणायचा मला धीर होत नाही. पुढच्या वर्षी सातव्यात, फुलं जाता जाता, अगदी निवांत ये. तळं कुठे पळून जात नाही.

घाईत आहे. राग मानू नकोस.

आचो

*

चेंगदू
दहावा महिना, तृतीया

ती. आचोस,

नमस्कार करायचा म्हणून करते.

तान काकू गावोगाव भटकून परवाच परतल्या. काल अंगणात त्यांनी सगळ्यांना मोबाइलमधले फोटो दाखवले. तळं सुंदर आलंय. गवत दाट आहे, तू म्हणायचास तस्संच. एका फोटोत काकू पांढऱ्या याकवर बसल्या आहेत. लाल मखमली खोगीर, त्यावर कापडी फुलं. याकच्या कानात धागे आहेत, फिके पडलेले. दोरी एका म्हाताऱ्याच्या हातात आहे. त्याने आपल्या बाबांची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातली आहे आणि तोंड उघडलं आहे, कारण तो कविता म्हणतोय. काकू सांगत होत्या, आजोबा फार गोड, आम्हाला कळलं काहीच नाही पण आम्ही टाळ्या वाजवल्या.

सगळ्या बायका माझ्याकडे बघून विचारू लागल्या, तुमच्याच भागातला ना हा, ओळखता का? मी म्हटलं, आमच्याकडे सगळे म्हातारे सारखेच दिसतात.

माझ्या आचोला मी ओळख दिली नाही. ज्याला हेडमास्तर करून ठेवलं होतं त्यालाच. घरी येऊन दार लावून घेतलं आणि मग तोंड लपवायला जागा सापडेना. आता तूच सांग, दोघांत जास्त लाज कोणी बाळगायची?

दुसरं सांगायचं ते असं. जिन्याच्या मधल्या पायरीवर मी आता काय म्हणू? काल तिथे उभी होते तर वाटलं, माझ्याच पाठीवर कोणीतरी बसलंय आणि फोटो काढतंय.

डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यात वर जायचं नाव काढू नका, आणि पुढच्या उन्हाळ्याचं तेव्हा बघू. तेव्हा बघू म्हणताना ते माझ्याकडे न बघता रिगझिनकडे बघत होते. माझा सातवा महिना तू खर्चून टाकलास, आचो. मी आता येत नाही. धागे डब्यात ठेवले आहेत.

पाल्झोम

*

थांगचुंग
बारावा महिना, एकादशी

चि. पाल्झोम,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि खिडकीबाहेर बघत राहतो. आज आभाळाबद्दल एक शब्दही लिहिणार नाही.

पाचव्या महिन्यात दुंगकर पाणी प्यायला खाली आला होता. मी त्याच्याजवळ उभा राहून कविता पुटपुटत होतो. ती डोळे पुसणारी बाई म्हणाली, मला याच्यावर बसू द्या. मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो, नुमो. मग ती वांगदूच्या याककडे निघाली. शेजारचा वांगदू रोज तिथे खोगीर घालून उभा असतो. ती निघाली आणि माझी कविता दुसऱ्याच ओळीवर थांबली. पाठीवर बसलेला माणूस मध्येच उठून जात नाही, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. मी तिला परत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी वांगदूकडून जुनं खोगीर मागून आणलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग धाग्यांकडे बघितलं आणि विचारलं, गुरुजी, नक्की ना? मी त्याला समजावलं, की ओझं म्हणजे मीठ, ओझं म्हणजे धान्य. माणूस म्हणजे काही ओझं नव्हे. जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले, ते शेवटी या कामी आले. मठातल्या लामांना विचारायला गेलो नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. संध्याकाळी खोगीर काढल्यावर दुंगकरच्या पाठीवरचे केस दबलेले दिसायचे. मी ते हाताने उलटे फिरवून उभे करायचो, तुला कधी दिसू नयेत म्हणून. तू शेकडो कोस दूर, आणि मी केस उभे करतोय!

म्हणून पाऊस लांबवला. म्हणून थंडी लवकर आणली. सातवा महिना यंदा फार चांगला गेला, पाल्झोम. इतकं गवत कित्येक वर्षांत झालं नव्हतं. रोज वाटायचं, तू आत्ता इथे असायला हवी होतीस, आणि लगेच वाटायचं, बरं झालं, इथे नाहीस. भावाच्या मनात असं यावं यापरतं लाजिरवाणं काय असेल? आणि तू मला ओळख दिली नाहीस म्हणून तोंड लपवतेस. मी तर आरशातही मला ओळख देत नाही. टोपी खुंटीला टांगली आहे, तिच्याकडेही बघवत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी खोगीर परत केलं. दुंगकरला कड्यापर्यंत नेऊन सोडलं, त्याच्या पायाशी डोकं टेकलं आणि म्हटलं, जा. सगळं मिटलं असं वाटून परत आलो.

सकाळी तो दारात उभा होता. पाठ पुढे करून, मान खाली घालून, खोगिराची वाट बघत. हाकललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. गोफणीने खडा मारला, तर अंग आखडून तिथेच उभा राहिला. आता तळं गोठलंय, काठावर चिटपाखरू नाही, तरी उजाडलं की तो येतो. आपण सोडवलेल्या जिवाला मी बांधून घ्यायला शिकवलं. एवढ्या वर्षांत माझा एकच धडा एका विद्यार्थ्याने कायमचा पाठ केला, तो हा.

तेव्हा आता खरं तेच सांगतो. इथे बघण्यासारखं काही नाही. गवत मेलंय, वारा दातांत शिरतो, हवा इतकी विरळ की शेणी पेटायला तयार नाहीत. तळं मात्र रात्रंदिवस आतून घुमतं. तुझ्या छातीसाठी वर्षातला सगळ्यात वाईट महिना आहे हा. येणार नाहीस म्हणालीस ते योग्यच केलंस. येऊ नकोस. पुढच्या सातव्यापर्यंत मी दुंगकरला वर राहायला शिकवतो, नाही जमलं तर मीच वर कड्यापाशी जाऊन राहतो. तू फक्त मधल्या पायरीवर

दार वाजलं. दुंगकर रोज येतो, पण याक दार वाजवत नाही. बघून येतो.

*

पत्र पुरं करतोय, ते टपालात टाकण्यासाठी नव्हे.

दारात दुंगकर होता, रोजच्यासारखा पाठ पुढे करून. आणि त्याच्या मानेत हात अडकवून, नाकाला नळी लावून, ओठ निळे पडलेली तू उभी होतीस. मागे रिगझिन, बगलेत ऑक्सिजन भरलेली रबरी उशी, चेहरा रडवेला. मला वाटलं, तू माझ्या तोंडात मारशील. मी टोपीही घातली नव्हती. तू बराच वेळ नुसता श्वास गोळा केलास. तो पुरेसा जमल्यावर तू माझी चौकशी केली नाहीस, रस्त्याची तक्रार केली नाहीस. एवढंच विचारलंस, की हा बिचारा असा पाठ वाकवून कोणाची वाट बघतोय?

नुमो, उत्तर वर लिहिलंच आहे. तू आत चुलीशी बसली आहेस, डब्यातले धागे मांडीवर सोडवत. शाई वाळली की हा कागद तुझ्या हातात देतो.