फडक्याची वरची बाजू

सुलतान बाजार, हैदराबाद (दक्षिण)
१० जानेवारी १९३९

चि. नरहरीस गोदूताईचे अनेक आशीर्वाद.

सोबतच्या डब्यात मी घेतलेल्या सिनेमाची तीन रिळे आहेत. डबा तान्ह्या मुलासारखा उचल. तुझ्या दुकानात धुऊन झाली की आधी तूच पाहा आणि उलट टपालाने कळव. मुंबईच्या हौशी सिने मंडळाच्या बोधपट स्पर्धेची शेवटची तारीख पंधरा फेब्रुवारी, असे तू लिहिलेस, तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. परवा शाळेत भूगोलाच्या तासाला मी मुलींना इतिहास शिकवला आणि एकीनेही सांगितले नाही!

विषय आपल्याच घरातला घेतला आहे: नारूचा रोग. नाताळच्या सुटीत गावी जाऊन बारवेच्या पायऱ्यांवर पाणी भरणाऱ्या बायका टिपल्या. गुडघाभर पाण्यात उभे असलेले पाय, त्यांतल्या एका पायाला चिंधी. पाण्यातून नारू पोटात कसा जातो, वर्षाने दोऱ्यासारखा पायातून कसा निघतो, हे पाट्यांवर लिहिले आहे. शेवटी पाणी गाळून कसे घ्यावे, ते आपली तुळसाआत्या इथे आमच्या घरी करून दाखवते. आधी नक्को नक्को करत होती. तिच्या दत्तूदादासारखे नारूने अधू झालेले पाय दुसऱ्या मुलांचे होऊ नयेत म्हणून, असे म्हटल्यावर मुकाट्याने उठली. फक्त डोक्यावरचा पदर नीट आहे ना, हे तीनदा विचारले.

तुझ्या भाऊजींनी कॅमेरा घेऊन चार दिवस कबुतरे टिपली आणि तो कपाटात ठेवला. आता ते कोर्टात सांगत फिरतात की, घरात दिग्दर्शिका आहे, जेवण मध्यंतरात मिळते.

पहिल्या बक्षिसाचा पेला मिळावा असे फार वाटते रे. चाळिशी उलटलेल्या बाईने असे लिहावे का? पण लिहिले. तुझ्या पत्राकडे डोळे आहेत.

तुझी,
गोदूताई

---

गिरगाव, मुंबई
२२ जानेवारी १९३९

ती. सौ. गोदूताईस नरहरीचा शि. सा. न.

ताई, तू कमाल केलीस! दुकानात भिंतीला धोतर लावून आम्ही सगळ्यांनी पाहिले. त्या चिंधीच्या पायापाशी कोणी हलेना. मालक म्हणाले, ही बाई इतके दिवस कुठे होती. मी सांगितले, आमचे कान पिळण्यात.

आता एक अवघड गोष्ट. आमच्याकडे फिल्म घ्यायला येणारे एक डॉक्टर तिथे होते. आत्याचा तुकडा त्यांनी तीनदा उलटा फिरवून पाहिला. पहिली घागर गाळून झाली की आत्या फडके उचलते, उलटते आणि दुसऱ्या घागरीवर घालते. म्हणजे वर अडकलेले पाण्यातले सगळे किडे पुढच्या पाण्याबरोबर थेट दुसऱ्या घागरीत. त्याच बारीक किड्यांत नारू असतो.

ताई, ते आपल्याला दिसले कसे नाही? आपल्या घरात सगळ्याच बायका फडके उलटतात. खालची बाजू धुतल्यासारखी दिसते, म्हणून सोवळेपणाने ती वर घ्यायची. मीही जन्मभर तेच पाहिले.

कात्री माझ्या हातात आहे. आठ फूट गेले तर परीक्षकांना पत्ताही लागणार नाही आणि पेला आपलाच. तू फक्त हो म्हण. लागलेच तर पन्नास फुटांचे कोरे रीळ सोबत आहे. आत्याला मात्र यातले काही सांगू नकोस.

लोभ आहेच, उत्तरही लवकर असावे.

तुझा,
नरहर

---

सुलतान बाजार
२७ जानेवारी १९३९

चि. नरहरीस अनेक आशीर्वाद.

शहाण्या, सांगू नकोस हे पत्राच्या शेवटी लिहितात का? तुझी पत्रे मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवते, हे विसरलास. ती समोर वाती वळत बसली होती. मी थांबले तोवर सगळे वाचून झाले होते.

तिने वाती बाजूला ठेवल्या. उठून दोन घागरी मांडल्या. संक्रांतीचे उरलेले तीळ पाण्यात टाकले, ते पाणी पहिल्या घागरीवर गाळले. फडके उलटून दुसऱ्या घागरीवर घातले आणि नुसते नळाचे पाणी ओतले. मग वाकून आत पाहत राहिली. तीळ तरंगत होते.

तिने एवढेच विचारले की, मग दत्तू खरे बोलत होता का? तुला आठवत नसेल, तू लहान होतास. नऊ वर्षांचा दत्तूदादा पाय धरून रडत सांगायचा की, मी बाहेरचे पाणी प्यालो नाही, घरचेच प्यालो. घरचे पाणी तर गाळलेले, म्हणून आत्या त्याला खोटारडा ठरवून मारायची. पाय आखडला तो आखडलाच. 

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, काही कापायचे नाही. तीळही दाखव, मलाही दाखव, आणि तोंड दिसेल असे दाखव. मी म्हटले, मुंबईची माणसे हसतील, आत्या, बक्षीसही हातचे जाईल. त्यावर म्हणाली, तुझा पेला गेला तर जाऊ दे, गोदे, पोरांचे पाय राहू देत.

म्हणून भर दुपारच्या उन्हात अंगणात तुझे कोरे रीळ भरले; सोबत पाठवते आहे. बाजारातून लाल दोरा आणून आत्याने फडक्याच्या एका बाजूला टाका घातला. दोरा दिसला की ती बाजू वर, पाणी ओतायचे तिच्यावरच. शेजारच्या रझियाबी भिंतीवरून पाहत होत्या. हौ, हमारे घर में भी ऐसाच करते, म्हणून त्यांनीही दोरा मागून नेला.

आत्याच्या तुकड्याआधी एक पाटी लाव: ‘आमच्या घरात चाळीस वर्षे असे होत होते.’ माझा जीव अजून पेल्यातच आहे, तुझ्यापासून काय लपवू? तरीही कात्री खाली ठेव.

तुझी,
ताई

---

गिरगाव
५ मार्च १९३९

ती. सौ. ताईस शि. सा. न.

तार मिळाली असेलच, पण तारेत ओरडता येत नाही. पहिला नंबर, ताई! पहिला! सत्तावीस चित्रे होती. एकात विमान होते, एकात काश्मीर. आपली बारव आली तेव्हा मागच्या रांगेत कुणी जांभई दिली. आत्या पदर सावरत आली तेव्हा लोक थोडे हसलेही, आणि माझे कान तापले. पण दुसऱ्या घागरीत तीळ तरंगले आणि हसणारे पुढे झुकून पाहू लागले. माझ्या शेजारची बाई आपल्या नवऱ्याला हलक्या आवाजात सांगत होती की, अहो, आपल्याकडेही असेच करतात.

अध्यक्षांनी विचारले की, या वृद्ध बाई कोण. मी उभा राहिलो. म्हणालो, माझी आत्या.

खेडोपाडी दाखवायला दोन प्रती मागितल्या आहेत. पेला पार्सलने येतोय. चांदीचा आहे, पण इतका लहान की भाऊजींचा चहा मावायचा नाही. आत्याला माझा साष्टांग नमस्कार. तुम्हा दोघींचा हात डोक्यावर राहो.

तुझा,
नरहर

---

सुलतान बाजार
१२ मार्च १९३९

चि. दत्तूस गुलबर्ग्याला आईचे आशीर्वाद.

मी सांगते आहे, गोदू लिहिते आहे. तिला सांगितलंय, मी बोलेन तसंच लिही, नीट करू नकोस.

गोदूच्या चित्राला मुंबईत पहिलं बक्षीस मिळालं. त्यात मी आहे. काय करताना आहे, ते तू येऊन बघ.

तू माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीस, बाहेरचं पाणी प्यालो नाही म्हणून. खोटी शपथ घेतोस म्हणून मी तुला आणखी मारलं होतं. दत्तू, ती शपथ खरी होती. पाणी घरचंच होतं. दुसऱ्या घागरीतलं. मीच गाळलेलं.

एवढं सांगायला तीस वर्षं लागली. मला कळलंच नव्हतं रे.

रामनवमीला सुनेला, मुलांना घेऊन ये. स्टेशनावर टांगा ठेवते, पायाला त्रास नको. चांदीचा पेला मी गोदूकडून मागून घेतलाय. तू आलास की पहिलं पाणी त्यातच देईन, तुझ्यासमोर गाळून, लाल दोरा वर ठेवून. तू बघ आणि मग पी.

वाट पाहणारी,
आई