हाकेच्या नावाचा रकाना

व्याही गोवर्धनजी यांस नांदगाव पेठेहून रामरावचा हात जोडून रामराम. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला गेला की अजून तुमच्या जुन्या शहरभर ऐकू येतो? इथे सगळे खुशाल, फक्त माझ्या जिवाला घोर.

आपली नात प्रणाली आमच्या फूलवाल्यांच्या गटासाठी प्रोग्राम करून राहिली आहे. त्यात आधी माणसाचा साचा लिहितात : नाव, गाव, जन्मतारीख, वय, हाकेचे नाव. मग साच्यावरून तक्ता होतो, एकेका गोष्टीला एकेक रकाना. पण काहींच्या डोक्यावर तिने एक खूण लिहिलेली. “आबाजी, ज्याच्यावर खूण, त्याचा रकाना होत नाही. वय जन्मतारखेवरून निघते, साठवाचं कशाले?” वयाचे पटले (आपल्या जन्मतारखा तरी कुठे खऱ्या, हिवरखेडच्या शाळेत गुरुजींनी अंदाजाने लावलेल्या). पण हाकेच्या नावावरही खूण! म्हणे, ते बैठकीपुरते पडद्यावर दिसेल, बंद केले की गेले.

मला तर लहानपणी हाकेचेच नाव आपले वाटायचे. शाळेत हजेरीला ‘रामराव’ पुकारले की मी गप्प बसायचो, तुम्ही कोपर मारल्यावर ‘हजर’ म्हणायचो. आठवते?

प्रणाली चहा ठेवायला उठली, तेवढ्यात मी ती खूण पुसली (शिक्षण अर्धे असले तरी खोडता येते). दुसऱ्या दिवशी बैठकीत प्रोग्राम म्हणतो, असा रकानाच तक्त्यात नाही! कोणाचेच नाव उघडेना. गटातला पुंजाजी भर सभेत म्हणाला, “काहून गा रामराव, तुमचं यंत्र रुसल्या जावयावानी बसलं!” (हे तुमच्या चिरंजीवांबद्दल नाही हो.)

पोरगी रागावली नाही. “आबाजी, खूण काढली तर रकानाही बनवा लागते न! तक्ता जुनाच होता.” तिने रकाना बनवला अन् म्हणाली, “आता भरा तुमीच.”

भरले. पुंजाजी ढोल्या, देवमन चिमण्या. माझ्या नावापाशी बोट अडले. हाक मारणारे कोणी असेल तर ते हाकेचे नाव. आई गेली, मोठा भाऊ गेला. उरलात तुम्ही, आणि पोरांचे लग्न जुळले त्या दिवसापासून तुम्ही ‘रामरावजी, आपण’ म्हणता. मुलीचा बाप मी, कसे सांगू? रकाना रिकामाच ठेवला आहे.

आपला,
रामराव

ता.क. फोन कराल तेव्हा एकदाच ‘गेंद्या’ म्हणा. मग भरतो. स्पीकर मात्र बंद ठेवा, लोकांत शोभत नाही.

ता.क. दुसरे : तुम्ही गटात नसूनही तुमचे नाव मी तक्त्यात घातले, हाकेच्या नावासकट. प्रणाली हसून हसून खाली बसली. विहीणबाईंना सांगू नको.