नऊ डंपलिंग, दोन माणसं

६ मार्च, गुरुवार
बाइंडर जेवायला आला नाही. दाढ दुखते म्हणे. अकरा वर्षांत पहिल्यांदाच गुरुवारी चायनीजला मी एकटा. प्रेसचा प्रूफरीडर बाइंडरला आपल्या टेबलावर बसवतो, ही खरं तर त्याची बढतीच. चॉपस्टिक्स धरायला मीच शिकवलं त्याला. प्लेटमध्ये नऊ डंपलिंग येतात. पाच मी, चार तो. ऑर्डर मी देतो, तेव्हा हे ओघानंच आलं.

मालकीणबाई माझ्या काड्यांना मागच्या टोकाला रबर गुंडाळून देतात. मानाचं गिऱ्हाईक! बाइंडरला साध्या काड्या. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी विषय काढत नाही.

संकल्प : पुढच्या गुरुवारी त्याला नूडल्स आवाज न करता खायला शिकवणे.

१३ मार्च, गुरुवार
दाढ बरी झाली, तर आता मावशी आजारी. नऊच्या नऊ मीच खाल्ली. दुपारभर करपट ढेकर, त्यात प्रुफात चार चुका सुटल्या. याला जबाबदार बाइंडर.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जेवताना तुम्ही त्याला बोलू देता का? मी म्हटलं, त्याच्याकडे बोलण्यासारखं असतं काय? ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

१९ मार्च, बुधवार, दुपारी १.४०
लाल रिफिल आणायला बाहेर पडलो होतो. चायनीजच्या काचेतून सहज आत पाहिलं. बाइंडर! समोर आमच्या प्रेसचा मशीनमन. दोघं सुर्र सुर्र नूडल्स ओढताहेत आणि खदाखदा हसताहेत. बाइंडरला इतके दात आहेत हे मला आजच कळलं. दुखरी दाढही त्यातच असणार.

केसानं गळा कापला. माझ्यासमोर हा माणूस अकरा वर्षांत एकदाही असा हसला नाही.

संकल्प : बाइंडरशी अबोला. चायनीजवर आजन्म बहिष्कार.

२० मार्च, गुरुवार
बहिष्काराची कल्पना मालकीणबाईंना समक्ष द्यावी म्हणून गेलो. गेलोच आहे तर नूडल्स मागवल्या. बहिष्कार उद्यापासून. बाई भोळ्या. म्हणाल्या, बाइंडरदादा सांगत होते, साहेबांचा वार गुरुवार, म्हणून आम्ही हल्ली बुधवारी येतो. मी म्हटलं, मीच सुचवलं तसं.

अबोला कडक चालू. बाइंडरच्या अजून लक्षात आलेला दिसत नाही.

२६ मार्च, बुधवार
माफ करून टाकायचं ठरवलं. मोठेपणा कुणीतरी घ्यायला हवा. आज पाच त्याला, चार मला, असं पक्कं करून चायनीजला गेलो. दोघंही नव्हते. काल येऊन गेले म्हणे. सोमवारी मी मशीनमनकडे बुधवारची नुसती चौकशी केली होती, तेवढ्यानं वार बदलला.

शेजारच्या टेबलावर चारेक वर्षांची मुलगी. तिच्या काड्यांना अगदी माझ्यासारखं रबर. मालकीणबाईंना विचारलं, हेसुद्धा मानाचं गिऱ्हाईक का? त्या हसल्या. म्हणाल्या, लहान मुलांना काड्या धरता येत नाहीत, म्हणून लावतो. मग मला का? फारच खोदलं तेव्हा बोलल्या. पहिल्याच दिवशी बाइंडरनं काउंटरवर जाऊन सांगितलं होतं, साहेबांच्या काड्यांना रबर लावा, पण कशासाठी ते त्यांना कळू देऊ नका.

अकरा वर्षं. मशीनमनलाही त्यानं सांगितलेलं नाही, नाहीतर प्रेसभर झालं असतं.

डंपलिंग प्लेटमध्येच ठेवून उठलो.

२७ मार्च, गुरुवार
सकाळी बाइंडरला म्हटलं, आज येतोस का? ऑर्डर तू दे. तो म्हणाला, डबा आणलाय. उघडून दाखवलाही.

एकटाच गेलो. रबर काढून द्या म्हटलं. पहिलं डंपलिंग सॉसमध्ये पडलं, दुसरं शर्टावर, तिसरं टेबलाखाली. समोर कुणी नव्हतं. न पाहिल्यासारखं करायलाही नव्हतं.

काटा मागवला.