निरोपाचा दुसरा सामना

प्रिय वेंडेल,

आपल्या ट्रेंटला कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळायला आणखी एक वर्ष मिळालं. शेजारची डार्ला म्हणाली, “नशीब काढलं पोरानं!” कसलं डोंबलाचं नशीब! त्याच्या डोक्याला इतका मार बसलाय, क्रीडा मंडळानं या जादा वर्षाला नकार द्यावा म्हणून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले होते.

आज पुन्हा त्याचा निरोपाचा सामना झाला, शेवटच्या वर्षाच्या पोरांना आईबापांनी हात धरून मैदानात न्यायचा तो. गेल्या वर्षी त्याला मैदानात न्यायला आपण दोघं होतो. आज मी एकटीच त्याचा हात धरून निघाले. टाळ्यांचा कडकडाट चालला होता. मध्येच तो थांबला, मागे वळून म्हणाला, “आई, बाबा अजून गाडीच लावतोय का गं?”

वेंडेल, मार्चमध्ये तुला खांदा द्यायला तोच पुढे होता.

मी म्हटलं, “येतोय रे. चल तू.”

तुझी,
मार्लीस