धड राहिलेला गणवेश

१४ सप्टेंबर, रवि.
आज ह्यांची तिथ. चिंबोऱ्या निजामपुऱ्यातून आणल्या. आपल्या खाडीत आता रंगाच्या कारखान्यांचं पाणी, एक दिवस हिरवं, एक दिवस जांभळं. त्यात काय जगणार. सूनबाई कुरकुरली, पितरांच्या पानावर कोणी खेकडा ठेवतं का. म्हटलं, नुसती भाजी ठेवली तर तुझे सासरे कावळ्यालाच शिव्या घालतील. हसली.
दामूभावोजी आले. ह्यांच्याच पलटणीतले, गावचेच. लंकेत दोघं गेले, एकटे आले. जेवले वरणभात. चिंबोरी ताटाबाहेर, दरवर्षीसारखी. म्हटलं, आगरी माणूस आणि चिंबोरीला भितो. दात न्हाय म्हणाले. मटणाला असतात.

१५, सोम.
सुनीलची धावपळ. वेशीवर बापाच्या नावाची कमान. येत्या रविवारी, सर्वपित्रीला, पडदा काढायचा. पाटी वाचून दाखवली, 'श्रीलंकेत शत्रूशी लढताना वीरमरण'.
शत्रू कोण पण? भांडण त्यांच्या घरातलं. आपले मध्ये पडायला गेले, शांती करायला. ज्यांना सांभाळायला गेले त्यांच्याशीच लढाई जुंपली. काही न मिटवता परत आले. म्हणजे जे आले ते. सुनील तेव्हा पोटात.
त्याला हे सांगितलं तर म्हणतो, आई, पाटीवर एवढी जागा न्हाय.

१७, बुध.
काचेच्या पेटीत ठेवायला गणवेश हवा म्हणून ट्रंकेतून काढला. ह्यांना तिकडेच जाळलं, घरी एवढाच आला होता. सुनीलने उजेडात धरून उलटसुलट पाहिला.
"आई, ह्याला एक भोक न्हाय."
म्हटलं, नवा दिला असेल.
नवा नाही. कॉलर आतून झिजलेली. दुसरं बटण मी लावलेलं, पांढऱ्या दोऱ्याने, ह्यांच्या शेवटच्या सुट्टीत. एवढी वर्षं ह्याला ऊन दाखवते आहे. डाग नाही ह्याचंच बरं वाटायचं. भोक शोधलं नाही.
झोप कसली.

१९, शुक्र.
नारपोलीला भावोजींकडे. घराखालीच लूम, ओरडून बोलावं लागतं. असली गोष्ट त्यांना ओरडून सांगावी लागली.
पलटणीच्या तळामागे खाडीचं खाजण होतं. आपल्यासारखंच, तसाच चिखल, तशीच बिळं. डब्यातलं खाऊन सगळे विटलेले. हे रोज माझ्या चिंबोरीच्या रश्श्याचं वर्णन करायचे, पोरं म्हणायची, नुसतं सांगून पोट भरतो काय. एका संध्याकाळी ह्यांनी पाणी ओसरलेलं बघितलं. गणवेश काढून घडी करून काठावर ठेवला, वर बंदूक. घरी जसा नेसायचे तसा कमरेला रुमाल नेसले, नि बिळात खांद्यापर्यंत हात घालून वाकले.
तिकडची माणसंही तशीच. काळी, उघडी, चिखलात.
"आपल्याच पहाऱ्यावरून गोळी गेली, वहिनी."
एक चिंबोरी बोटाला धरूनच होती म्हणाले. सोडवली, मग जाळलं.
विचारलं, पहाऱ्यावर कोण होता. ऐकू गेलं नाही असं दाखवलं. तेवढ्यात लाईट गेली, गल्लीतले सगळे लूम एकदम बंद. परत विचारलं, साध्या आवाजात.
खाली बघत म्हणाले, "तिन्हीसांज होती. माणूस वळखू येत न्हवता."
कोणाला ओळखू येत नव्हता, ते विचारायला तोंड उघडलं आणि लाईट आली.

२०, शनि.
सुनीलला सांगितलं. पहाऱ्याचं सोडून बाकी सगळं. मग म्हणाला,
"पाटी कोरून झाली, आई. आता काय लिवू? चिंबोऱ्या धरताना?"
चिडून नाही म्हणाला. खरंच विचारत होता. बाहेर जाऊन गाडी पुसत बसला. पुसलेलीच होती.
माझ्याच रश्श्याचं सांगत होते. आणि मी दरवर्षी पानावर तीच

२१, रवि. सकाळ
चिंबोऱ्या आणल्या. अमावास्येच्या, भरलेल्या, नांगे दोऱ्याने बांधलेले. सूनबाई म्हणाली, परत? म्हटलं, आजचा दिवस. वाटण मीच वाटलं.
सुनीलने ठरवलंय, पडद्याची दोरी मी आणि दामूभावोजींनी मिळून ओढायची. नंतर ते इथेच जेवणार. आज वरण टाकलेलं नाही.
विचारायचं ते पानावर बसले की विचारीन. नाहीतर आधीच, एका दोरीला दोघांचे हात असतील तेव्हा, अख्ख्या गावासमोर. सुनीलच्या तोंडाकडे बघून धीर होईल का माहीत नाही. न विचारता दोरी ओढायचाही धीर नाही.
आलेत. जुना गणवेश कडक इस्त्री करून घातलाय, छातीवर बिल्ले. उंबऱ्याबाहेर उभे आहेत. दरवेळी सरळ आत येतात. आज मी या म्हणायची वाट बघतायत.