कुलूप जसंच्या तसं

माय,

तुझ्यावर लोक रागावलेत. माझ्यावरही रागावलेत, पण मला त्याची सवय आहे. खुनी भलताच निघाला म्हणून माझा उद्धार करणारी पत्रं मी वर्षानुवर्षं वाचत आले. यावेळी मात्र मी कोणाचाच खून केला नाही. पहिल्यांदाच अशी कादंबरी लिहिली, जिच्यात प्रेत नाही, विष नाही, इन्स्पेक्टर नाही. कन्हान नदीपलीकडचं आपलं शेत आहे, कापसाची पऱ्हाटी आहे, तू आहेस, आणि परकर खोचून तुझ्या मागे मागे कापूस वेचणारी मी आहे. मुखपृष्ठावर माझं नाव मात्र नेहमीसारखंच, लाल अक्षरांत. लोकांनी नाव बघून पुस्तक उचललं आणि घरी जाऊन उघडलं तर आत कापूस. अजून कोणी पोलिसात गेलं नाही, एवढंच.

एकाने लिहिलं, 'अर्धं पुस्तक झालं तरी विहिरीवर लक्ष ठेवून होतो, आता कोणीतरी सापडेल म्हणून. शेवटी बादली सापडली.' हे वाचून मी सक्करदऱ्याच्या माझ्या स्वयंपाकघरात एकटीच खो खो हसले. दुसऱ्या एका बाईंनी चक्क तुझ्या-माझ्या बैलावर संशय घेतला होता, कारण त्याचं नाव पहिल्याच पानावर आलं होतं. असल्या पत्रांचा मला राग येत नाही, ही माझी माणसं आहेत, मीच त्यांना संशय घ्यायला शिकवलं. राग आला तो एका मोठ्या समीक्षकाचा. त्यांनी लिहिलं की रहस्यकथांवर हात बसलेल्या लेखिकेने मातीच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक प्रकरण ऐन उत्कंठेच्या जागी तोडण्याची बाजारी खोड तिला शेतातही सोडत नाही. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. अहो महाराज, ती खोड शेतातलीच आहे. बाजारात मी ती नंतर नेली.

त्यांना काय माहीत, वेचणीला तू काय करायचीस ते. सकाळी दव सुकलं की आपण एकेक ओळ घेऊन पात धरायचो. तू, शेजारच्या दोघी-तिघी बाया आणि शेवटच्या ओळीवर मी. ओटीत कापूस, बोटांना बोंडांची टोचणी, आणि ऊन असं की मला रडायला यायचं. मग तू गोष्ट सुरू करायचीस. गोष्ट चालायची ती हात चालेपर्यंत. माझा हात थांबला की तुझं तोंड थांबायचं. आणि पात संपून शेताच्या कडेला, धुऱ्याला आलो की गोष्ट अशी काही जागा धरून थांबायची की जीव टांगणीला लागावा. 'मंग काय झालं?' मी विचारते. तू पदराने मान पुसतेस, पाणी पितेस आणि समोरच्या ओळी दाखवतेस. 'ते तिकडच्या धुऱ्यावर हाये. चाल.' त्या बायासुद्धा मुकाट्याने नवी पात धरायच्या, पाणीसुद्धा घाईने प्यायच्या. माझं प्रत्येक प्रकरण धुऱ्यापाशी थांबतं. लोक त्याला माझं तंत्र म्हणतात आणि मी आजवर म्हणू दिलं.

कादंबरीत आहे त्या वर्षीची गोष्ट एकट्या बाईची होती. गावाच्या कडेला तिचं घर. सकाळी ती कुलूप लावून वावरात जाते, किल्ली पदराला बांधते. उन्हं कलताना परत येते, कुलूप उघडते, तर आत चूल पेटलेली. 'कुलूप जसंच्या तसं,' तू म्हणायचीस, 'अन् तव्यावर गरम भाकर.' कोण येतं? कसं येतं? एका पातीला तिचा दीर संशयात आला, दुसऱ्या पातीला सुटला. शेजारीण आली, ती सुटली. बैरागी आला, तोही सुटला. पहिल्या वेच्यापासून शेवटच्या वेच्यापर्यंत आम्ही त्या घराभोवती फिरत होतो. शेवटच्या वेच्याच्या शेवटच्या पातीत त्या बाईने वावरात जायचं नुसतं नाटक केलं. बाहेरून कुलूप तिने दुसऱ्याकडून लावून घेतलं आणि आत धान्याच्या कोठीमागे लपून बसली. बाहेर पाऊल वाजलं. कुलूप हललं. आणि धुरा आला. पुढे पऱ्हाटी नव्हती. तू ओटी सोडलीस आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेलीस.

कादंबरीतही मी गोष्ट तिथेच थांबवली आहे. आणि लोकांना सगळं चाललं, बादली चालली, बैल चालला, पण हे चाललं नाही. परवा वाचनालयात कार्यक्रम होता. महाल भागातले एक काका, माझं प्रत्येक पुस्तक वाचलेले, माईक हातात घेऊन उभे राहिले. 'मॅडम, खून काहून नाही केला, हे मी नाही विचारत. तुमची मर्जी. पन ते भाकर कोन करून राहिलं होतं, तेवढं सांगून द्या ना. दोन दिवस झाले, मी बायकोले विचारून राहिलो, ते म्हणते मले झोपू द्या.' सगळं सभागृह हसलं, आणि मग माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, 'मले का मालूम?' लोकांना वाटलं, मी थट्टा केली. काकांना ती आवडली नाही. ते बसले, पण हाताची घडी घालून.

आज सकाळी प्रकाशकाचा फोन आला. भला माणूस आहे, माझ्या खुनांवर त्याच्या मुलांची शिक्षणं झाली. म्हणाला, दुसरी आवृत्ती काढू, पण शेवटी एक प्रकरण जोडून द्या. कोणीही चालेल. दीर असो, भूत असो, वाचकाला उत्तर द्या. नाहीतर दुसरी आवृत्ती कठीण आहे. मी म्हटलं, राहू द्या मग. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही इतक्या पुस्तकांत कुलूपबंद खोल्या उघडल्या, एक उघडायला काय जातं? खरं आहे. दुपारच्या जेवणाआधी चार उत्तरं लिहून देईन. पण ती माझी असतील, तुझी नाहीत. या एका पुस्तकात मला तुझ्या तोंडी खोटं घालायचं नाही. आवृत्ती निघो न निघो, माझं काही अडलेलं नाही. मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

कारण पुढचं मी कादंबरीत घातलंच नाही. शेवटचा वेचा झाला आणि माझ्या डोक्यात ते कुलूप अडकलं. चार-पाच दिवस मी तुझ्या मागे लागले, तू हूं का चूं केलं नाहीस. बाप तेव्हा चांद्याकडे खाणीत होता. आधी सणाला यायचा, मग सणही त्याच्यावाचून व्हायला लागले. तू एकटी वावरात जायचीस, एकटी यायचीस, आणि आल्या आल्या चुलीपुढे बसायचीस. एक दिवस मी शाळेतून लवकर सुटले. दाराला कुलूप, किल्ली तुझ्या पदराला. मी मागच्या न्हाणीच्या भिंतीवर चढले, छपराची कौलं, आपली कवेलू, सरकवली आणि आत उतरले. म्हणजे कुलूपबंद घराचं माझं पहिलं कोडं मी तेव्हाच सोडवलं होतं, फ्रॉक फाटला तेवढाच. मग चूल पेटवली, पीठ मळलं, भाकर थापली, ती तुटली, पुन्हा थापली. तुझ्या चपलांचा आवाज आला तशी मी कोठीमागे लपले.

कुलूप उघडतं. तू उंबऱ्यात आहेस. चूल बघतेस, तवा बघतेस, आणि आत येतच नाहीस. डोक्यावरचा भारा तसाच. मग हळूच तो खाली ठेवतेस, पदर नीट करतेस, कपाळावरचे केस मागे घेतेस. तुझा चेहरा असा मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. दिवसभर उन्हात राबलेल्या बाईचा तो चेहराच नव्हता. मला वाटतं, ती गोष्ट तू आम्हाला कामाला लावायला रचली असशील, पण ती भाकर तुला स्वतःला हवी होती. कोणीतरी यावं आणि तू यायच्या आत चूल पेटवावी, एवढंच तुला हवं होतं.

मग वरून येणारा उजेड तुला दिसला. 'कवेलू कोनं सरकवले वं?' कोठीमागून तू मला दंडाला धरून ओढलंस आणि फुंकणीने दोन ठेवून दिल्या. त्यानंतर तशीच खाली बसलीस आणि भाकर मोडलीस. 'इकडून जळली, तिकडून कच्ची,' म्हणालीस. 'मधात जराशी भाकर हाये.' ती मधली भाकर तू अर्धी मला दिलीस. रडत रडत मी विचारलं, गोष्टीतली भाकर कोण करत होतं? तू चावत चावत म्हणालीस, 'मले का मालूम? कापूस तं येचून झाला ना.'

हे पत्र प्रकाशकाला दाखवायची सोय नाही. त्याला शेवट सापडला म्हणून तो आनंदाने छापून टाकेल, समीक्षक त्यात करुणा शोधतील, आणि महालातले काका समाधानाने झोपतील. त्यांना झोप लागली नाही तरी मला चालेल. मलाही कुठे लागते? उत्तर नको म्हणून मी जगाशी भांडते आहे, पण धुऱ्यावर उभी राहून 'मंग काय झालं' म्हणणारी पहिली वाचक मीच.

त्यानंतर तू कितीतरी वर्षं होतीस, माय. आपण कितीदा शेजारी बसून जेवलो. मला कधीही विचारता आलं असतं की, उंबऱ्यात उभी राहून पदर नीट केलास, तेव्हा कोण आलं असं वाटलं होतं तुला? मी विचारलं नाही. तू माझं नाव घेणार नाहीस, याची भीती वाटत होती. अजूनही वाटते.